पाहुणा सतरा

"अकरा जण आले होते, त्यातले नऊ गेले," मी म्हणालो.

आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "कुठं गेले?"

"कुठं म्हंजे? आले, हिंडले, बघितलं आनी गेले. परत न्हाई आले."

"मग दोन तरी ऱ्हायले की."

"त्यातला एक मी."

सोप्यात माझे वडील, आबा, सुपारी कातरत बसले होते. तिथूनच त्यांचा आवाज आला, "नव्याचं नऊ दिवस म्हनत्यात. तुझं तर पाचच भरलं."

मला राग आला. आबांची आणि माझी अट ठरलेली होती. आमचं गाव विट्याच्या पुढं, माळावर. तिथं घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात बाहेर असतो. सोनारांकडचं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, याला गलाई म्हणतात. त्यासाठी आमची माणसं त्रिचीपासून लुधियान्यापर्यंत कुठंही जाऊन राहतात आणि वर्षातून एकदा भैरोबाच्या जत्रेला गावात येतात. मामाचं दुकान त्रिचीला होतं आणि माझी जागा तिथं ठरल्यात जमा होती. मला जायचं नव्हतं. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेला, वय बावीस, आणि डोक्यात एकच खूळ होतं: गेमचा सर्व्हर चालवायचा.

गेम ठोकळ्यांचा होता. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं, खणायचं आणि बांधायचं. एकटं खेळता येतं, पण मजा येते ती दहा-वीस जण एकाच जगात असले की. ते जग जिथं ठेवलेलं असतं तो सर्व्हर. जगात असे हजारो सर्व्हर होते, त्यामुळं माझ्याकडं काहीतरी वेगळं हवं होतं. म्हणून मी आमचं गावच बांधलं होतं. देऊळ, चावडी, शाळा, ओढा, ओढ्यावरचा साकव, सगळं टेपनं मोजून. अडीच महिने लागले होते.

आबा म्हणाले होते, "पाडव्यापातुर तीस मानसं टिकली तर ऱ्हा हितं, मी काय बोलत न्हाई. न्हाई टिकली तर त्रिची."

"टिकली म्हंजे कसं धरायचं?" मी विचारलं होतं.

"त्ये तूच ठरीव. खेळ तुझा हाय."

मग मीच नियम केला. ज्यानं गावात घर बांधलं आणि जो पंधरा दिवस रोज आला, तो रहिवासी. बाकीचे सगळे पाहुणे. गेममध्येही तसंच ठेवलं. घर बांधेपर्यंत डोक्यावर नाव दिसायचं ते ‘पाहुणा एक’, ‘पाहुणा दोन’ असं, आणि कुणी निघून गेला की त्याचा नंबर पुढच्याला.

माणसं आणायला मी काय काय केलं! इंटरनेटवर जाहिराती टाकल्या. येईल त्याला हिऱ्याची तलवार फुकट देऊ केली. एका शनिवारी त्रेचाळीस जण आले, तलवारी घेतल्या, एकमेकांना मारलं, देवळाचा कळस उडवला आणि गेले. रविवारी मी एकटाच कळस बांधत बसलो.

आईला हे सांगितलं तर ती हसली. "आवळा देऊन कोहळा काढाय गेलास, आवळाबी गेला." मग हात धुऊन समोर येऊन बसली. "मला एक सांग, त्यास्नी आवतान कुनी दिलं?"

"जाहिरात दिली की."

"जाहिरातीवर कोन जेवाय येतंय रं? बोर्ड वाचून हाटेलात जात्यात मानसं. घरात यायचं तर आवतान लागतं. दारात जायाचं, नाव घेऊन सांगायचं. आनी येवढ्यानं भागत न्हाई. पान मांडलं की परत बोलवाय जायाचं. पयलं आवतान ऐकून कोन उठत न्हाई, दुसऱ्या बोलावन्याला उठत्यात."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी लग्नाकार्यात मीच घरोघर ओरडत फिरलो होतो, ‘चला, पानं वाढल्यात!’ पण ते गेमला लावायचं डोक्यात आलं नव्हतं.

आईनं ट्रंकेतून पत्रिकांची वही काढून दिली. घरात कार्य निघालं की कुणाकुणाला पत्रिका द्यायची त्याची ती यादी. कोण कुठल्या गावी आहे, फोन नंबर काय, आवतण नुसतं घरटी एका माणसाचं की चूलबंद, म्हणजे घरातली चूल त्या दिवशी पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं असं, हे सगळं आईच्या अक्षरात होतं. मी रोज पाच-सहा घरं धरली. त्रिशूर, लुधियाना, वारंगळ, सिलिगुडी. "मी आबांचा संग्राम बोलतोय. आपलं गाव कॉम्प्युटरवर केलंय. तुमच्या घराची जागा आहे तिथंच राखून ठेवलीय, पोरांना पाठवा."

आणि आले की! त्रिशूरच्या मोहित्यांची ऋतुजा आली, नववीतली. जन्म तिकडचाच. गावचं घर जत्रेतल्या चार दिवसांपुरतं पाहिलेलं. तिनं दुपारभर बसून ते बांधलं. मग तिचे दोन चुलतभाऊ आले, मग वारंगळचे जाधव, मग सिलिगुडीचे सूर्यवंशी. रोज संध्याकाळी सहाला मी प्रत्येकाला वेगळा निरोप टाकायचो, नाव घेऊन: ‘ऋतुजा, चल, पान मांडलंय.’ फुकट तलवारीला जे टिकले नाहीत ते या एका ओळीला टिकले. फेब्रुवारी संपता संपता रहिवासी एकोणीस झाले.

पाहुणा सतरा त्याच सुमारास आला. त्याला मी फोन केला नव्हता, आणि त्यानं नाव काही सांगितलं नाही. मला वाटलं, सूर्यवंशांच्या पोरांनी कुणी मित्र आणला असेल. तो बरोबर सहाला यायचा, सातला जायचा. चालताना भिंतींना धडकायचा. काही विचारलं तर उत्तर यायला मिनिट-दोन मिनिटं लागायची. नेट खराब असेल असं मी धरून चाललो.

घर त्यानं बांधलं नाही. तो आमच्या अंगणात, गोठ्याच्या कडेला येऊन उभा राहायचा.

"जागा देऊ का?" मी लिहिलं.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "नको. बघतो नुसता."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एक दिवस पाहुणा, दुसरे दिवशी पई, तिसरे दिवशी राही त्याची अक्कल जाई." पण हसली नाही. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

चार-पाच दिवसांत पोरं त्याच्याभोवती जमू लागली. कारण त्याला सगळं माहीत होतं. ऋतुजा घराचं दार रस्त्याकडं करत होती तर त्यानं लिहिलं, "तुझ्या आज्यानं दार उगवतीला ठेवलेलं. रस्ता नंतर झाला." जाधवांच्या पोरांना त्यानं सांगितलं की त्यांच्या परड्यात एक पेव होतं, धान्य साठवायचं, आणि त्यांचा आजा त्यात पडला तेव्हा दोराला बांधून वर काढला होता. पोरांनी लगेच पेव खणलं आणि आळीपाळीनं त्यात पडून घेतलं. मी अडीच महिने टेपनं मोजून जे गाव केलं होतं, त्यात हा माणूस रोज तासभर उभा राहून गोष्टी पेरत होता. मला थोडा हेवा वाटायचा, खोटं कशाला सांगू. पण माझे रहिवासी पंचवीस झाले होते, म्हणून मी गप्प होतो.

आणखी एक झालं. आबा संध्याकाळी खोलीत येऊन बसू लागले. सुपारी, अडकित्ता घेऊन माझ्यामागं कॉटवर.

एके दिवशी पाहुण्यानं लिहिलं, "तुमच्या न्हाणीमागं लिंब होता. तो राहिलाय लावायचा."

मी मोठ्यानं वाचलं. "आबा, आपल्या न्हाणीमागं लिंब होता?"

अडकित्त्याचा आवाज थांबला. "होता. तू तीन वर्साचा असताना पाडला."

"ह्याला कसं ठावं?"

"असंल कोन तरी गावातलाच," आबा म्हणाले आणि उठून बाहेर गेले. पण दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना येऊन बसले. "आला का रं त्यो पाव्हना?" असं रोज विचारायचे. आला म्हटलं की पुढं काही बोलायचे नाहीत. मला वाटायचं, आबांना गेमची गोडी लागली. मी मनातल्या मनात त्रिचीचं तिकीट फाडून टाकलं होतं.

पाडव्याला आठ दिवस राहिले तेव्हा रहिवासी एकोणतीस होते. पाहुणा सतरा पंधरा दिवस काय, महिनाभर रोज येत होता. त्यानं चार ठोकळ्यांचं खोपट जरी बांधलं असतं तरी माझे तीस भरत होते. मी त्याच्या मागंच लागलो. देवळाजवळ जागा देतो, ओढ्याकाठी देतो, चावडीशेजारी देतो. त्याचं आपलं "नको, नको."

शेवटी मी लिहिलं, "मग तुमचं घर होतं तरी कुठं?"

त्या दिवशी उत्तराला फारच वेळ लागला. मग एक ओळ आली.

"तू गोठा घातलायस तिथं."

मी मागं वळलो. आबा कॉटवरून उठून उभे होते आणि पडद्याकडं बघत होते. त्यांना चष्म्याशिवाय ते वाचता येणार नाही हे मला माहीत होतं, पण माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं असावं. ते खोलीबाहेर गेले.

खरा गोठा तिथं नव्हताच. खरोखरच्या गावात आमच्या अंगणाला लागून एक कुलूप घातलेलं घर आहे, गेली बारा वर्षं. आम्ही त्या घराकडं बघत नाही. मी गाव मोजलं तेव्हा देवळामागची मोरीसुद्धा मोजली, पण त्या घराला टेप लावली नव्हती. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. मला तशी सवयच झाली होती. रिकामी जागा बरी दिसेना म्हणून तिथं गोठा घातला होता.

मी आईकडं गेलो. वही उघडली. सिलिगुडीच्या पानावर सूर्यवंशांच्या वर एक ओळ होती, काळ्या शाईनं पुन्हा पुन्हा गिरवून खोडलेली.

"हे नाना हायत न्हवं?" मी विचारलं.

नाना म्हणजे माझा सख्खा चुलता. मी दहा वर्षांचा असताना तो चुलतीला घेऊन सिलिगुडीला गेला आणि परत आला नाही, जत्रेलासुद्धा.

"मला आदीच वाटलं हुतं, लिंबाचं निघालं तवा कळलंच," आई म्हणाली. "तुझ्या आबास्नीबी."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलायचं? तुझ्या ताईच्या लग्नात नानाच्या सासुरवाडीला आवतान द्यायचं ऱ्हायलं. थोरल्यानं द्यायचं असतंय त्ये, तुझ्या आबांनी. गडबडीत इसरले. नाना भरल्या पानावरनं उठला. ह्यांनी म्हनायचं, चुकलं माझं. ते न्हाई म्हनले. म्हनले, उठतोस तर ऊठ." आईनं वही मिटली. "ती वळ मी न्हाई खोडली."

मला खरं तर नानाचं वाईट वाटायला हवं होतं, आबांचंही. पण मला दिसत होता तो तिसावा रहिवासी. बावीस वर्षांच्या माणसाचं डोकं असंच चालतं. मी रातोरात गोठा पाडला, जागा साफ केली. दुसऱ्या दिवशी सहाला नाना आला तसं मी लिहिलं, "नाना, मी संग्राम. गोठा काढला. तुमच्या घराचं तुम्हाला आवतण आहे. बांधा."

तो त्या रिकाम्या जागेच्या कडेला उभा राहिला. आत पाऊल टाकलं नाही.

"तू लहान आहेस," त्यानं लिहिलं. "आवतण तू द्यायचं नसतंय."

आणि गेला. सातला नव्हे, सहा वाजून दहा मिनिटांनी.

त्यानंतर तो आलाच नाही. पहिल्या दिवशी पोरांनी विचारलं, पाहुणा कुठाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी ऋतुजानं लिहिलं, "दादा, ते येणार नसतील तर मी अभ्यास करते." पाचव्या दिवशी संध्याकाळी गावात बारा जण होते आणि कुणी काही बांधत नव्हतं. मी प्रत्येकाला नाव घेऊन बोलावत होतो, पण पान मांडून वाढणाराच नसला तर बोलावून काय उपयोग? मला तेव्हा कळलं की माझ्या सर्व्हरवर माणसं कुणामुळं राहत होती.

मी आबांना तोंडावर बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. "तुमच्यामुळं माझं गाव मोडाय लागलंय. एक आवतान द्यायचं हुतं बारा वर्सांमागं. आता तरी द्या."

मला वाटलं, आता आबांचा हात उठतो. पण ते सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "त्यो येत न्हाई म्हनतोयस. मग द्यायचं कुनाला?"

सिलिगुडीच्या सूर्यवंशांना फोन करून मी नानासाठी निरोप दिला, एवढाच: पाडव्याला सहा वाजता एकदा या. कारण काही सांगितलं नाही.

पाडव्याला गुढी उतरवून झाल्यावर आबा खोलीत आले. डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा. मला म्हणाले, "ऊठ." आणि खुर्चीवर बसले.

नाना आला होता. रिकाम्या जागेच्या कडेला, नेहमीच्या ठिकाणी. सगळी पोरंही आली होती, एकोणतीसच्या एकोणतीस, कारण सूर्यवंशांच्या घरून बातमी फुटली होती.

"चालायचं कसं ह्यात?" आबांनी विचारलं.

मी दाखवलं. आबांचा माणूस आमच्या दारातून निघाला. दोन बोटांनी बटणं दाबत, पायरीला अडखळत, तुळशीच्या कट्ट्याला धडकत. तिथून नाना सात-आठ पावलांवर होता. आबांना चार मिनिटं लागली. मी मध्ये हात घालायला गेलो तर त्यांनी झटकला. "दारात आपल्या पायानं जायाचं असतंय."

समोर जाऊन उभे राहिले तसे म्हणाले, "आता लिही. बाळू." नानाला या नावानं हाक मारणारे घरात ते एकटेच.

मी लिहिलं.

"लिही. ताईच्या लग्नात चुकलं माझं."

मी लिहिलं.

"भैरोबाच्या जत्रंला तुमास्नी चूलबंद आवतान हाय. तुझ्या सासुरवाडीलाबी. म्होरं माझं नाव घाल."

मिनिट गेलं, दोन गेली. आबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. मग पडद्यावर अक्षरं आली.

"दादा, असं मशीनवर आवतण देतात काय?"

मी वाचून दाखवलं आणि मला वाटलं, संपलं सगळं. पण आबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "बराबर हाय त्याचं," ते आईला म्हणाले. "अजून तसाच हाय बघ, आडमुठा."

नाना गेला. घर बांधलं नाही.

आबांनी नाक पुसलं, टोपी नीट केली आणि माझ्याकडं वळले. "किती भरली?"

"एकोणतीस. पन नाना धरून तीस."

"त्याचं घर कुठाय? नेम कुनी केला?"

नियम माझाच होता. पण एवढं सगळं झाल्यावरही हा माणूस अटीला चिकटून बसतो याचा मला इतका संताप आला की डोळे भरले. "जातो," मी म्हणालो. "कधीचं तिकीट काढू त्रिचीचं?"

"त्रिची न्हाई. सिलिगुडी." आबा उठले. "उद्याच निघ. आवतान दारात जाऊन दे. मी जायाचं, पर गुडघा तीन दिस गाडीत बसाय देत न्हाई. थोरला ल्योक गेला म्हंजे मीच गेलो. आनी त्यानं ठिवून घेतला तर ऱ्हा तिथंच, त्याच्या हाताखाली. माझं पोर त्याच्याकडं असलं म्हंजे त्यो परत तोडनार न्हाई."

आईनं तोंडाला पदर लावला. मला तेव्हा कुठं समजलं की मी हरलो तर आहेच, पण मला कुठं खर्ची घातलंय.

तीन गाड्या बदलून मी चौथ्या दिवशी सकाळी सिलिगुडीला पोचलो. दुकान सोनारांच्या गल्लीत होतं, दहा बाय बाराचं. मागं भट्टी, पुढं काउंटर आणि काउंटरमागं एक लाकडी खुर्ची. हे सगळं मी आज नऊ वर्षांनी त्याच खुर्चीत बसून लिहितो आहे. त्या दिवशी तिथं चिमटा हातात घेतलेला एक माणूस उभा होता. केस पांढरे, आणि मान आबांसारखी डावीकडं कललेली.

मी उंबऱ्यावर थांबलो. वाटेत पाठ केलं होतं तसं सगळं म्हटलं. जत्रा कधी, आवतण कुणाचं, चूलबंद, सासुरवाडीसकट. त्यानं ऐकून घेतलं. माझ्या हातातली पिशवी घेतली, आत ठेवली, पाणी दिलं. मी पाणी पिईपर्यंत समोर उभा राहिला.

मग हळू आवाजात म्हणाला, "दादा आता कसा दिसतो रे?"

महिनाभर हा माणूस रोज आमच्या अंगणात उभा होता. त्याला आमचा लिंब आठवत होता, अख्ख्या गावाची दारं आठवत होती. मी घाईघाईनं खिशातून मोबाइल काढला. "फोटो हाय. पाडव्याचाच. दाखवू?"

त्यानं हात पुढं केला, आणि परत मागं घेतला.

"नको," तो म्हणाला. "येतोयच की. तिथंच बघीन."